वाकड्या नखीचा नांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, बोटीचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे शाळेची सहल जेट्टीवर आली होती, तेव्हा एका चुणचुणीत मुलीने मला बघून "बाई, याला बैल कुठे जोडतात?" असं विचारलं होतं. मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. तर मी पाण्यातला. अंधेरीहून समुद्राच्या बाजूला निघालात की रस्ता संपतो तिथे वेसावा कोळीवाडा लागतो, तिथला. माझं वजन सत्तर किलो. डोक्याला एक कडी आणि पायाला चार नख्या. त्यातल्या तीन सरळ आहेत आणि एक वाकडी.

माझा जन्म भंगारातून झाला. दारूखाना म्हणजे मुंबईत जुनी जहाजं फोडतात ती जागा. तिथे मोडीत काढलेल्या एका मोठ्या जहाजाचा मी तुकडा. खाडीपलीकडच्या एका लोहाराने मला भट्टीत घातलं, ठोकून ठोकून नांगर बनवलं आणि दुकानाबाहेर उभं केलं. मला घ्यायला भाऊ तांडेल आले. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. त्यांना घरचे-दारचे सगळे भाऊच म्हणत. बाजारात नारळ वाजवून घेतात तसं त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं, कान लावून आवाज ऐकला आणि लोहाराला म्हणाले, "चांगला हाय. पोटात खोट नाय." माझी एवढी तारीफ पुन्हा कोणी केली नाही.

भाऊंच्या बोटीचं नाव 'एकवीरा कृपा'. त्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, माझी जागा होती. माझ्या शेजारी लाकडी खुंटीला एक कोयता टांगलेला असे. सुरुवातीला मला त्या कोयत्याचा राग यायचा. त्याला काही काम नव्हतं, पण नारळीपुनवेला माझ्या चार नख्यांना हळद-कुंकू लागलं की त्यालाही लागायचं. भाऊंची बायको आधी मला कुंकू लावी, मग त्याला, आणि दोघांसमोर एकच नारळ फोडी. मला वाटायचं, कष्ट माझे आणि मान ह्याला!

त्या कोयत्याचं काम काय, ते मला भाऊंच्या तोंडून कळलं. भाऊंचा मुलगा चंदर तेव्हा लहान होता. भाऊ माझा दोर बोटीच्या कडीला सुरगाठीने बांधत. सुरगाठ म्हणजे एका ओढीत सुटणारी गाठ. ती बघून चंदर म्हणाला, "भाऊ, घट्ट गाठ मार ना. सुटली तर?"

भाऊ हसले. "सुटायला पायजे म्हनून तर ही गाठ. नांगर आपला हाय, दर्या आपला नाय. कवा धरायचं आनि कवा सोडायचं ते दर्या सांगनार. गाठ अडकली तर कोयता हाय."

"मग बोट कोन धरंल?"

भाऊंनी ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि मला पाण्यात सोडताना रोज म्हणत तेच म्हणाले, "आये, तुजे हाती." आई म्हणजे त्यांची एकवीरा. मला पाण्यात टाकण्याआधी ही सहा अक्षरं म्हणायला ते कधी चुकले नाहीत. त्यानंतर ते माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नसत. भाकरीचं फडकं सोडायचे आणि जेवायला बसायचे.

एकदा मढच्या बाजूच्या खडकात मी अडकलो. इंजिन लावून ओढून काढताना माझी एक नखी वाकली. लोहाराने सरळ केली तरी थोडी वाकडी राहिलीच. खलाशी म्हणाले, बदलून टाका. भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ओलखायला बरा." अशी पस्तीस-चाळीस वर्षं गेली. चंदर मोठा झाला, तांडेल झाला, कमळशी त्याचं लग्न झालं. त्याला पिंटू आणि रुचिका अशी दोन मुलं झाली. पिंटू सांताक्रूझला विमानतळावर माल चढवण्याच्या कामाला लागला. भाऊ म्हातारे झाले आणि अंगणात जाळी विणत बसू लागले. चंदरही मला टाकताना कपाळाला पाणी लावी, तेच शब्द म्हणे. मात्र तो म्हणायला हवं म्हणून म्हणतो, हे मला कळत असे. लोखंड असलो तरी तेवढं कळतं.

मग ते आजारपणाचं वर्ष आलं. तुम्ही तेव्हा लहान असाल, पण घरात बसवून ठेवलेलं आठवत असेल. बंदर बंद, बाजार बंद, बोटी काठावर. मला घराच्या अंगणात आणून ठेवलं होतं, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. भाऊंना ताप आला. गाडी आली, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं त्यांना घेऊन गेली. सोबत कोणाला जाता आलं नाही. सहाव्या दिवशी हॉस्पिटलातल्या एका नर्सने स्वतःच्या फोनवरून भाऊंचा चेहरा घरच्यांना दाखवला. सगळे ओटीवर त्या छोट्या फोनभोवती गोळा झाले. भाऊंना धाप लागली होती. त्यांनी कसाबसा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "आये, तुजे हाती." दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना खांदा द्यायलाही चंदरला मिळालं नाही.

त्या दिवसापासून चंदर बदलला. बाराव्याला कमळने देवीपुढे दिवा लावला तर तो म्हणाला, "आयुष्यभर तिचं नाव घेतलं माज्या बापाने. हात दिला का तिनं? नाय दिला. आता माजं मी बघून घेनार."

कमळने मात्र दिवा विझवला नाही.

चंदर दारूखान्यात गेला आणि माझ्यासाठी साखळी घेऊन आला. मनगटाएवढ्या कड्यांची, जहाजाची साखळी. दोर सोडून टाकला. साखळीचं एक टोक माझ्या कडीला आणि दुसरं बोटीच्या कडीला जाड बोल्टने बसवलं. तेवढ्यावर थांबला नाही. बोल्टचं बाहेर आलेलं टोक त्याने हातोड्याने ठेचून चपटं केलं, म्हणजे तो कशानेच निघू नये. कोयता खुंटीवरून काढून घरी नेला. तिथे कोयता शहाळी सोलू लागला.

खोटं कशाला बोलू? मला फार आनंद झाला. साखळी माझ्याच जातीची, लोखंडाची. कोयत्याची कटकट गेली. आता सगळा भरवसा माझ्या एकट्यावर, या विचाराने मी फुगून गेलो. चंदर मला टाकताना कपाळाला पाणी लावीनासा झाला, ते शब्दही बंद झाले. त्याऐवजी तो साखळी ओढून बघायचा. एक, दोन, तीन. दर वेळी तीन ओढी. दुपारी पुन्हा तीन, संध्याकाळी पुन्हा तीन. दोराला बांधलेलो असताना वरचं काही मला ऐकू येत नसे, पण लोखंडातून लोखंडाला सगळं ऐकू येतं. तळाशी चिखलात बसून मी चंदरच्या येरझाऱ्या ऐकायचो. तो सारखा फोनवर वाऱ्याच्या बातम्या ऐके, भाकरी अर्धी टाकून उठे आणि पुन्हा साखळी धरी. जितकी साखळी जाड झाली तितकी त्याची झोप उडाली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला माझ्या मोठेपणाची पडली होती.

"आता ह्या नांगराशीच लगीन लावा," कमळ एकदा त्याला म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते.

पुढच्या मे महिन्यात वादळ येणार असल्याची बातमी आली. जेट्टीवर धोक्याचा बावटा चढला. मच्छीमार सोसायटीचा भोंगा सांगत होता, बोटी खाडीत आत न्या, तिवरांच्या आडोशाला बांधा आणि माणसांनी खाली उतरा. तिवरं म्हणजे खाडीतल्या चिखलात उभी असणारी झाडं. वाऱ्याच्या दिवसांत कोळ्यांच्या बोटी त्यांच्या कुशीला जातात, ही पूर्वीपासूनची रीत. सगळ्यांनी तसंच केलं. चंदरने केलं नाही.

"दोराचा आनि झाडाचा भरवसा नाय," तो म्हणाला. त्याने खाडीच्या तोंडाजवळ, जिथे तळ घट्ट आहे, तिथे मला टाकलं. साखळी तीनदा ओढली आणि बोटीवरच बसून राहिला.

सकाळचे दहा वाजले असतील. विमानं बंद झाल्यामुळे पिंटू घरी होता. तो लहान होडी घेऊन बापाला न्यायला आला. त्याचे पाय बोटीवर पडलेले मला साखळीतून कळले.

"बाबा, चल. सगळे उतरले."

"तू जा. साखली धरून हाय."

"अरे, बोट गेली तर जाऊ दे ना! आई जेट्टीवर उभी आहे, कोणाचं ऐकत नाही. वारा बघ काय सुटलाय."

"ही तुटायची नाय. मी स्वतः ठोकलीय."

पिंटूचा आवाज आला, "ठीक आहे. तू उतरत नाहीस तर मी पण इथेच बसतो."

चंदर त्याच्यावर ओरडला, शिव्या दिल्या. पिंटू हलला नाही. अर्ध्या तासाने एका लाटेने मागे बांधलेली होडी तोडून नेली आणि मग उतरायचं ठरवलं असतं तरी उतरता आलं नसतं.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते. समुद्राचं पाणी खाडीत घुसू लागलं आणि चढत गेलं. भरतीला कधी चढत नाही इतकं चढलं. बोट वर उचलली जाऊ लागली आणि साखळी ताणत ताणत संपली. आता बोटीला वर जायला वाव नव्हता. लाट आली की मागचा भाग वर उठे आणि नाळ पाण्यात जाई, कारण नाळेला मी खाली धरून ठेवलं होतं. लाटेगणिक मी चिखलात आणखी रुतत होतो. माझं काम धरायचं, ते मी चोख करत होतो. आणि मी जेवढं घट्ट धरत होतो तेवढी माझी बोट, माझा चंदर आणि ज्याला मी रांगताना पाहिलं तो पिंटू पाण्याखाली चालले होते.

मला सोडावंसं वाटत होतं. पण नांगराला सोडता येत नाही. ते माणसाने करायचं असतं.

"बाबा, नाळ खाली चाललीय! कोयता कुठाय?"

"घरी."

"घरी?"

"कोयत्याने साखली तुटत नाय, पिंट्या."

"आजोबांची गाठ असती ना..." पिंटू एवढंच म्हणाला.

चंदरने इंजिनाजवळून छिन्नी आणि हातोडा आणला. घाव पडू लागले. एकेक घाव साखळीतून माझ्यापर्यंत येत होता. आठ-दहा घाव पडले, पण बोल्ट हलला नाही. ते घाव भिऊन घातलेले होते. बोल्ट तुटावा असं त्या हाताला वाटत होतं आणि तुटू नये असंही वाटत होतं. ज्याच्या भरवशावर वर्ष काढलं ते एकदम सोडून द्यायचं आणि उघड्या वाऱ्यात जायचं, याला छाती लागते. मोठी लाट आली. वर सगळं पाण्यात गेलं. पाणी उतरलं तेव्हा हातोडा थांबलेला होता.

मग मला चंदरचं रडणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत तो कधी रडला नव्हता, भाऊ गेले तेव्हासुद्धा.

"आये, भाऊला नाय धरलंस तू," तो म्हणत होता. "माजा राग हाय तुज्यावर. खोटं कशाला बोलू? तुजा माज्यावर असंल तर माज्यावर काढ. ह्या पोराला टाकू नको." पुढचे शब्द त्याने फार हळू उच्चारले, पण त्याचा हात साखळीवर होता म्हणून माझ्यापर्यंत पोचले. "आये, तुजे हाती."

त्यानंतर सात घाव पडले. ते वेगळे होते. त्यांत भीती होती, पण मागे ओढणं नव्हतं. सातव्याला बोल्ट तुटला. बोट वर उसळली एवढं मला जाणवलं आणि सगळी साखळी खळखळत माझ्या अंगावर येऊन पडली. मग वरचा आवाज बंद झाला.

तीन पावसाळे मी तिथेच चिखलात होतो. खेकडे माझ्या नख्यांखाली राहिले आणि गेले. साखळी गंजून मला चिकटली. ज्या साखळीचा एवढा तोरा मिरवला, तिने मला तसूभरही हलू दिलं नाही. ते दोघं वाचले की नाही, हे सांगायला तिथे कोण येणार? मी नुसता विचार करत राहिलो. भाऊंनी मला वाजवून पाहिलं होतं, पोटात खोट नाही म्हणाले होते. खोट होती, आणि ती गर्वाची होती. शेवटी विचारसुद्धा संपले. मला प्रार्थना येत नव्हती. भाऊंचे दोन-तीन शब्द तेवढे पाठ होते, ते म्हणत राहिलो. आणखी काही करण्यासारखं नव्हतं. ते म्हणताना मला पहिल्यांदा कळलं, की नाळेवर असताना मी ते रोज ऐकत होतो आणि एकदाही ऐकले नव्हते.

या वर्षी खाडीतला गाळ काढायला यंत्र आलं. त्याच्या लोखंडी पंजात माझी साखळी अडकली आणि मी वर आलो. प्लास्टिक, फाटकी जाळी आणि टायर यांच्या ढिगात त्यांनी मला जेट्टीवर टाकलं. कॉलेजला निघालेली एक मुलगी जवळून गेली, चार पावलं पुढे जाऊन थबकली आणि परत आली. तिने माझी नखी चाचपली.

"आई!" ती ओरडली. "आई गो, इकडे ये! आपला वाकड्या नखीचा!"

ती रुचिका होती. बोंबील वाळत घालायचं सोडून कमळ धावत आली. ओल्या हाताने तिने माझ्यावरचा चिखल पुसला. मित्रांनो, मी तिच्याकडे बघायला घाबरत होतो. मग हिंमत करून बघितलं, फक्त तिच्या कपाळाकडे. कपाळावर कुंकू होतं. रुपयाएवढं, लालभडक, घामाने किंचित ओघळलेलं. आणि तेवढ्यात रुचिका फोनवर बोलली, "दादा, लवकर ये. बाबांना पण घेऊन ये." दादा म्हणजे पिंटू. मला रडता आलं असतं तर मी त्या जेट्टीवर रडलो असतो.

यंत्रावरच्या माणसाने विचारलं, "हा कुणाचा?" तेव्हा कमळने त्याला सगळं सांगितलं. नांगर सुटला तशी बोट वाऱ्याने आणि चढत्या पाण्याने खाडीच्या आत आत नेली. सुकाणू मोडलं होतं, इंजिन बंद पडलं होतं, या दोघांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. बोट तिवरांत शिरली आणि पाणी उतरल्यावर मऊ चिखलात अलगद बसली. दुपारी लोकांनी शोधलं तेव्हा चंदर पोराला पोटाशी धरून बसला होता. "आन् सगल्यांच्या बोटी वाचल्या असं नाय," कमळ म्हणाली. "दोराने बांधलेल्या दोन फुटल्या. तिची दया कशी, कोनावर, ते आपन कोन सांगनार? आमाला मिलाली. रोज दिवा लावते मी."

मग चंदर आला. केस पांढरे झाले होते. माझ्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. पिंटू म्हणाला, "बाबा, पार गंजलाय. भंगारात देऊ या ना?"

"ह्याची काय चूक?" चंदर म्हणाला. "हा त्याचं काम करत व्हता. मीच ह्याला देव केला." तो खाली बसला, माझ्या वाकड्या नखीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाऊने शेवटी फोनवर तेच म्हटलं. मला वाटलं, हात दे म्हनून आईला बोलावतोय आनि ती आली नाय. तसं नव्हतं. तो सोडत व्हता."

कमळने पदर तोंडाला लावला.

चंदरने छिन्नीने माझी साखळी तोडली. गंज खरवडला, डांबर लावलं. नारळीपुनवेला कमळने माझ्या चारही नख्यांना कुंकू लावलं आणि घरून आणलेल्या कोयत्यालाही लावलं. आता मला त्याचा राग येत नाही. तो पुन्हा खुंटीवर माझ्या शेजारी असतो आणि माझा नवा हिरवा दोर सुरगाठीने बांधलेला असतो.

मुलांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे नांगर असतील. त्यांना सांभाळा. दाराला कडी लावा, आजाऱ्याला औषध द्या, नांगराला डांबर लावा, गंजू देऊ नका. आम्हाला फेकून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त आमच्या गाठी सुटतील अशा मारा. मी धरून ठेवू शकतो. तारणारी दुसरी आहे. तिच्या वाट्याचं काम माझ्या अंगावर टाकाल तर तुम्हीही भ्याल आणि मीही बुडवीन. वाईट दिवसांत हे आठवलं तर बरं.

पुनवेनंतर बोट पहिल्यांदा बाहेर पडली. चंदरने ओंजळीत पाणी घेतलं, कपाळाला लावलं, ते शब्द म्हणाला आणि मला सोडलं. मी तळाला टेकलो, नख्या रोवल्या आणि सवयीने वाट बघू लागलो. आता पहिली ओढ येईल, मग दुसरी, मग तिसरी. दोर सैल, पाण्यात हळूहळू हलत होता. मी खूप वेळ वाट बघितली. एकही ओढ आली नाही. वर चंदर भाकरी खायला बसला असणार.